जनुकात डोळा नसतो

'गाणं तिच्या डीएनएमध्येच आहे.' 'धंदा त्यांच्या जीन्समध्येच आहे.' 'आळस आमच्या घराण्याच्या जनुकातच आहे हो!'

ही वाक्यं हल्ली इतकी कानावर पडतात की बोलणाऱ्यालाही आपण काही दावा करतोय असं वाटत नाही. पूर्वी आपण 'रक्तातच आहे' म्हणायचो. त्याही आधी 'कपाळी लिहिलंय' म्हणायचो, आणि ते सटवाईने येऊन लिहिलेलं असायचं. सटवाई गेली, रक्त गेलं, आता डीएनए आला. शब्द बदलला, पण समजूत तीच राहिली. माणूस काय होणार हे आत कुठेतरी आधीच लिहून ठेवलंय, आपण फक्त वाट बघायची!

माझी तक्रार अशी की या समजुतीला आता शास्त्राचा शिक्का मारला जातोय. आणि ज्या शास्त्राचा शिक्का मारतात, त्या शास्त्राने गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जे दाखवलंय ते या समजुतीच्या जवळपास उलट आहे. गंमत म्हणजे ते दाखवलंय कुणी, तर जास्त पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटाने.

चिलट म्हणजे फळमाशी, ड्रॉसोफिला मेलॅनोगास्टर. थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लाल डोळ्यांच्या चिलटांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि तेव्हापासून हा प्राणी आनुवंशिकीचा लाडका झाला. बाटलीत मावतो, खायला फार लागत नाही आणि दहा-बारा दिवसांत पुढची पिढी तयार. अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. पण चोवीस तासांच्या आत त्या अंड्यातून डोकं, धड, शेपूट, आतडं, स्नायू, मज्जातंतू असं सगळं असलेली, वळवळणारी अळी बाहेर पडते!

आता इथे एक साधा प्रश्न विचारून बघा. अंडं ही एकच पेशी. तिच्यातल्या केंद्रकाच्या प्रती निघत जातात आणि प्रत्येक प्रतीत तीच जनुकं असतात. चिलटात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे चौदा हजार. डोक्याच्या पेशीत तीच चौदा हजार, शेपटीच्या पेशीतही तीच. मग एक पेशी डोकं झाली आणि दुसरी शेपूट, ती कशी? सगळ्यांच्या कपाळी एकच मजकूर लिहिलेला असेल तर सगळ्यांचं नशीब वेगवेगळं कसं निघालं? शास्त्राच्या भाषेत याला पेशींचं विभेदन म्हणतात. 'जनुक म्हणजे नशीब' म्हणणाऱ्यांची पहिली अडचण इथेच सुरू होते.

या प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागलेले दोघं जण म्हणजे क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस. जर्मनीतल्या हायडेलबर्गला १९७८ साली त्यांना एक लहानशी प्रयोगशाळा मिळाली. त्यांची पद्धत ऐकायला रांगडी वाटते. नर चिलटांना जनुकं बिघडवणारं रसायन पाजायचं, त्यांचा वंश काही पिढ्या वाढवायचा आणि मग जे गर्भ अंड्यातच मेले ते सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून बघायचे. अळीच्या अंगावर बारीक काट्यांचे पट्टे असतात. कुठला पट्टा गायब आहे, कुठला उलटा आहे, कुठले दोन एकत्र झालेत, हे टिपत जायचं. दोघांना एकाच वेळी बघता येईल असा सूक्ष्मदर्शक त्यांनी वापरला. हजारो वंश असे तपासले. १९८० साली त्यांचा पहिला शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. अळीचे खंड कसे पडतात हे ठरवणारी पंधरा जनुकं त्यात होती. एडवर्ड लुईस यांच्याबरोबर या दोघांना १९९५ चं नोबेल मिळालं.

या कामातून आणि त्याच्यामागून झालेल्या कामातून जे चित्र उभं राहिलं ते मला अतिशय सुंदर वाटतं. थोडं सविस्तर सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्या तपशिलातच आहे.

सुरुवात होते आईपासून. अंडं तयार होत असतानाच आई त्याच्या एका टोकाला 'बायकॉइड' नावाच्या जनुकाचा निरोप, म्हणजे त्याचा आरएनए, ठेवून देते. अंडं घातल्यावर त्या निरोपावरून प्रथिन बनतं आणि त्या टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जातं. पुढे दाट, मागे विरळ. देवघरात उदबत्ती लावली की डोळे मिटूनही, वास किती दाट येतोय यावरून आपण देवघरापासून किती लांब आहोत याचा अंदाज येतो ना, तसंच. या काळात गर्भात पेशींच्या भिंतीच नसतात. केंद्रकं तेरा वेळा दुभागून सुमारे सहा हजार होतात आणि सगळी एकाच सामाईक रसात असतात. चाळ बांधून झाली, बिऱ्हाडं आली, पण मधल्या भिंती अजून घातलेल्या नाहीत! त्यामुळे हा वास सगळीकडे पोचतो आणि प्रत्येक केंद्रकाला आपण कुठे आहोत ते कळतं.

आईचं बायकॉइड बिघडलेलं असेल तर गर्भाला डोकं आणि छाती येतच नाही. डोक्याच्या जागी शेपटीकडचे भाग तयार होतात. आणि इथे नीट लक्ष द्या. गर्भाच्या स्वतःच्या केंद्रकात बापाकडून आलेलं उत्तम, धडधाकट बायकॉइड असलं तरी त्याचा काही उपयोग होत नाही. जनुक आहे, पण वेळेवर आणि जागेवर निरोप नाही. उलट, बायकॉइडचा आरएनए सुईने अंड्याच्या मध्यभागी टोचला तर डोकं मध्यभागी तयार होतं. मध्यभागातल्या केंद्रकांची जनुकं बदललेली नसतात, बदलतो तो फक्त उदबत्तीचा पत्ता.

दुसऱ्या पायरीवर येतात मोठमोठ्या पट्ट्यांची जनुकं. हंचबॅक, क्रूपेल, जायंट, निर्प्स अशी त्यांची नावं. (या मंडळींची नावं ठेवण्याची पद्धत हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. क्रूपेल म्हणजे जर्मनमध्ये पांगळा. आणखी एक जनुक आहे त्याचं नाव फुशी ताराझू, म्हणजे जपानीत 'खंड कमी पडले'!) बायकॉइड जिथे दाट तिथे हंचबॅक जागं होतं, मधल्या भागात क्रूपेल. आणि ही जनुकं शेजाऱ्याला आपल्या हद्दीत शिरू देत नाहीत. जायंट आणि क्रूपेल एकमेकांना दाबतात. शेताच्या बांधावरून दोन भाऊ भांडावेत आणि त्या भांडणातूनच बांध पक्का व्हावा, तसा प्रकार. सुरुवातीचा पुसट उतार इथे हद्दींमध्ये बदलतो.

तिसरी पायरी पट्ट्यांची. 'ईव्हन-स्किप्ड' नावाचं जनुक गर्भावर सात पट्ट्यांत चालू होतं. झेब्र्यासारखे सात नीटस पट्टे बघितले की वाटतं, कुठेतरी आत 'सात पट्टे काढा' असा हुकूम असणार. तसा हुकूम कुठेच नाही! त्यातल्या दुसऱ्या पट्ट्यावर सगळ्यात बारकाईने काम झालंय. जनुकाच्या शेजारी डीएनएचा साधारण पाचशे अक्षरांचा एक तुकडा आहे. त्याच्यावर बायकॉइड आणि हंचबॅक येऊन बसले की जनुक चालू, जायंट किंवा क्रूपेल येऊन बसले की बंद. पुढच्या बाजूला जायंट आहे, मागच्या बाजूला क्रूपेल आहे. दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दोघंही नाहीत, तिथे पट्टा उमटतो. बाकीच्या पट्ट्यांसाठी दुसरे तुकडे आणि त्यांच्या दुसऱ्या अटी. म्हणजे 'दुसरा पट्टा' असं काही कुठे लिहिलेलं नाही. 'हे दोघे असतील आणि ते दोघे नसतील तर' एवढंच लिहिलेलं आहे. डीएनएत जे आहे ते नशीब नव्हे, ती अट आहे. हा फरक मला फार मोठा वाटतो.

मग पेशींच्या भिंती उभ्या राहतात आणि चौथी पायरी सुरू होते. आता पेशी आपापल्या शेजाऱ्याशी बोलून ठरवतात. एक पेशी 'हेजहॉग' नावाचं प्रथिन बाहेर सोडते, ते शेजारणीला सांगतं, 'तू विंगलेस बनवत राहा.' शेजारीण विंगलेस सोडते, ते पहिलीला सांगतं, 'तू जी आहेस तीच राहा.' यातली एक गप्प झाली तर दुसरीही आपली ओळख विसरते. ठरलं ते टिकवायलासुद्धा शेजार लागतो!

आणि शेवटी ओळख देणारी जनुकं. खंड पडले, पण कुठल्या खंडाला पाय, कुठल्याला पंख? हे काम लुईस यांनी कॅलिफोर्नियात कित्येक दशकं चिकाटीने केलं. चिलटाला पंखांची एकच जोडी असते. त्यांच्या मागच्या खंडावर पंखांच्या जागी दोन बारीक गदांसारखे अवयव असतात, उडताना तोल सांभाळायला. त्या खंडात 'अल्ट्राबायथोरॅक्स' हे जनुक चालू असतं. तिथे त्याचं काम होऊ दिलं नाही, तर गदांच्या जागी पंखांची दुसरी जोडी येते. लुईस यांचं चार पंखांचं चिलट ते हेच. हे ऐकल्यावर कुणी म्हणेल, 'बघा, सापडलं की नाही गदेचं जनुक!' पण फुलपाखरातही हेच जनुक मागच्या खंडात चालू असतं, आणि तिथे मात्र छान ऐसपैस मागचा पंख येतो. जनुक तेच, पण त्याचं ऐकणारी मंडळी वेगळी, म्हणून अर्थ वेगळा. आपल्याकडेही एल. एस. शशिधर यांनी आधी हैदराबादला आणि मग पुण्याच्या आयसरमध्ये याच अल्ट्राबायथोरॅक्सवर आणि त्या गदेवर वर्षानुवर्षं काम केलंय. पंखाची गदा होते म्हणजे नेमकं काय होतं, हा त्यांचा प्रश्न.

आता शीर्षकातल्या डोळ्याकडे येतो.

चिलटात 'आयलेस' नावाचं जनुक आहे. ते बिघडलं तर डोळे येत नाहीत किंवा खुरटतात. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेने १९९५ साली हे जनुक चिलटाच्या पायांत, पंखांत, मिशांत मुद्दाम चालू केलं. तर पायावर डोळा आला! फोटो जगभर छापून आले. 'डोळ्याचं जनुक' म्हणून गाजावाजाही झाला. पण त्याच कामातला दुसरा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. उंदरातलं याच्याशी जुळणारं जनुक त्यांनी चिलटात घातलं. डोळा आला. पण कुणाचा? उंदराचा नव्हे, चिलटाचाच! शेकडो बारक्या षट्कोनी भिंगांचा, माशीचा डोळा.

म्हणजे उंदराच्या त्या जनुकात उंदराचा डोळा नव्हता. त्यात कुठलाच डोळा नव्हता. 'आता इथे डोळ्याचं काम सुरू करा' एवढीच हाक होती. हाक ऐकून काम करणारी यंत्रणा माशीची, म्हणून डोळा माशीचा. पंगतीत 'वाढा' म्हणून हाक दिली की पुरणपोळी येईल की शिरा, हे हाक देणाऱ्यावर नाही, आत काय शिजलंय त्यावर ठरतं.

इथपर्यंत वाचलेल्यांपैकी कुणीतरी नक्की म्हणणार, 'अहो, पण एक जनुक बिघडलं की डोकं जातं, एक बिघडलं की चार पंख येतात, हे तुम्हीच सांगितलंत. मग जनुकंच सगळं ठरवतात की!' आक्षेप रास्त आहे. जनुकं बिनमहत्त्वाची आहेत असं मी म्हणत नाहीये. विदर्भातल्या सिकलसेलच्या रुग्णाला जाऊन 'जनुकांचं एवढं काही नसतं' असं सांगणं हा निव्वळ क्रूरपणा होईल. तिथे डीएनएतल्या एका अक्षराचा फरक पुरतो. हंटिंग्टनसारख्या आजारातही एकच जनुक माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त करतं. लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी करा असं डॉक्टर सांगतात, ती जरूर करावी.

पण 'एक जनुक बिघडलं की अमुक गोष्ट मोडते' आणि 'त्या जनुकात ती गोष्ट आहे' ही दोन वाक्यं एक नव्हेत. वायर कापली की दिवा जातो. म्हणून वायरीत उजेड भरून ठेवलेला नसतो. जनुकांची नावं काय बिघडलं यावरून पडली आहेत आणि घोळाचं निम्मं कारण मला तिथे दिसतं. आयलेस, म्हणजे डोळे नसलेलं, हे नाव त्या जनुकाच्या गैरहजेरीचं आहे.

विंगलेसचीच गोष्ट घ्या. पंख नसलेल्या या चिलटाची नोंद १९७३ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांनी केली. नाव ऐकून वाटेल, पंखांचं जनुक. पण पुढे हायडेलबर्गच्या कामातून कळलं की हे जनुक पूर्णच निकामी झालं तर पंखांपर्यंत गोष्ट जातच नाही, गर्भ अंड्यातच मरतो, कारण खंड पाडण्याच्या कामातही ते आहे. तिकडे उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगात १९८२ साली एक जनुक सापडलं होतं. १९८७ साली लक्षात आलं की ते आणि विंगलेस एकच घराणं. आज त्या घराण्याला 'विंट' म्हणतात, आणि माणसाच्या मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत या विंटच्या निरोपांची साखळी बिघडलेली आढळते. हेजहॉगचं तसंच. त्याच्या निरोपात अडथळा आणणारं, त्वचेच्या एका कर्करोगावरचं औषध २०१२ साली अमेरिकेत मंजूर झालं. मग विंगलेस हे कशाचं जनुक म्हणायचं? पंखाचं? खंडाचं? कर्करोगाचं? ते एका निरोपाचं जनुक आहे, बस्स. निरोप कुणाला, कधी, कुठे मिळाला यावर पुढचं सगळं.

आणि शर्मांच्या त्या मूळ चिलटांबद्दल एक गोष्ट मला विशेष आवडते. एकाच बाटलीतली, तोच बिघाड असलेली भावंडं, पण काहींना एकही पंख नाही, काहींना एकच, आणि काहींना चक्क दोन्ही! चिलटाच्या पंखाच्या बाबतीतसुद्धा जनुक बघून भविष्य सांगणारा तोंडघशी पडला असता. माणसाच्या स्वभावाचं भविष्य सांगणाऱ्यांनी यातून थोडा बोध घ्यायला हरकत नाही.

आता, चिलटाच्या अळीवरून थेट माणसाच्या स्वभावावर उडी मारायची का? नाही मारायची, आणि मी मारत नाहीये. माझं म्हणणं मर्यादित आहे. चिलटाचा गर्भ हा तर अत्यंत ठरीव प्रकार. प्रत्येक वेळी तेवढ्याच वेळात तशीच अळी. जिथे सगळं इतकं ठरल्याबरहुकूम चालतं, तिथेही पेशीचं काय होणार हे कुठल्याही एका जनुकात लिहिलेलं सापडत नाही. जागा, वेळ, शेजार, आईने ठेवलेला निरोप आणि जनुकं यांच्या व्यवहारातून ते ठरतं. मग जिथे शाळा, भाषा, भूक, प्रेम, पैसा आणि पंचवीस-तीस वर्षांचं आयुष्य मध्ये येतं, तिथे 'गाण्याचं जनुक' किंवा 'गुन्हेगारीचं जनुक' असं म्हणणाऱ्याला आपण निदान पुरावा तरी मागायला हवा की नाही?

हा नुसता शब्दांचा कीस नाही. याची किंमत माणसं मोजतात. ओळखीतलं एक जोडपं मूल दत्तक घ्यायचं म्हणत होतं. कागदपत्रं झाली, मनाची तयारी झाली, आणि घरातल्या एका शिकल्यासवरल्या नातेवाइकाने विचारलं, 'सगळं ठीक आहे, पण जीन्स कुणाचे असतील कोण जाणे!' पन्नास वर्षांपूर्वी हाच प्रश्न 'कुणाचं रक्त आहे कोण जाणे' असा आला असता, आणि त्याला 'काका, असले जुनाट विचार नकोत' म्हणून गप्प करता आलं असतं. 'जीन्स' म्हटल्यावर सगळे विचारात पडले. जुनाट शंकेला नवा कोट घातला की तिला बसायला खुर्ची मिळते, ती अशी. जातीबद्दल, घराण्याबद्दल, 'त्यांच्यात तसंच असतं' बद्दल हेच चाललंय. जे उघड म्हणायची लाज वाटते ते जनुकाच्या नावावर म्हणता येतं.

तीच गोष्ट मुलांचा 'कल' सांगणाऱ्या चाचण्यांची. कुणी लाळेवरून सांगतं, कुणी बोटांच्या ठशांवरून, की तुमचं मूल इंजिनियर होणार की नर्तक. ठशांचंच बघा. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी, आणि तरीही त्यांच्या बोटांचे ठसे एकसारखे नसतात! गर्भात बोटाच्या टोकावर रेषा उमटताना त्या त्या जागी जे बारीकसारीक घडतं त्याने ते वेगळे होतात. जनुकं ज्यांना तंतोतंत ठरवू शकली नाहीत त्या रेषांवरून म्हणे मुलाचं जन्मजात भविष्य सांगणार. आणि आपण पैसे मोजतो!

एक खुलासाही करायला हवा. वर मी आईने ठेवलेल्या निरोपाबद्दल लिहिलं, म्हणून गर्भसंस्कारवाल्यांनी लगेच पेढे वाटू नयेत. :) बायकॉइड हा एक रेणू आहे, आईचे विचार नव्हेत. शिवाय ते फक्त माशांच्या काही कुळांत आढळतं, आपल्यात नाहीच. आपल्या गर्भाच्या सुरुवातीच्या पेशी तर इतक्या मोकळ्या असतात की त्या वेळी गर्भ दुभंगला तर दोन अख्खी बाळं होतात. बाळात काही व्यंग निघालं की 'तूच काहीतरी केलं असशील' म्हणून सुनेकडे बोट दाखवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्या रीतीला इथे कुठलाही आधार मिळत नाही. माझा रोख 'जनुकांऐवजी आईवर ढकला' असा अजिबात नाही. एकाच कुणावर ढकलता येत नाही, असा आहे.

मग बोलायचं कसं? मला वाटतं, फार काही करायला नको. वर्तमानपत्रांनी 'अमुकचं जनुक सापडलं' असं छापण्याऐवजी 'हे जनुक बिघडलं तर अमुक होण्याची शक्यता वाढते' असं छापावं. मथळा थोडा लांबेल, पण खरा असेल. शाळेच्या पुस्तकात जनुक म्हणजे इमारतीचा नकाशा ही उपमा असते, तिच्या शेजारी ईव्हन-स्किप्डचा दुसरा पट्टा कसा उमटतो हे एक पानभर दिलं तर नववी-दहावीच्या मुलांना सहज कळेल. 'हे असेल आणि ते नसेल तर' एवढंच तर आहे त्यात. आणि आपण घरात बोलताना 'तिच्या डीएनएमध्येच गाणं आहे' म्हणण्याआधी आठवावं की ती चौथ्या वर्षापासून रोज पहाटे उठून तंबोरा लावून बसली होती, शेजारी बाप पेटीवर साथ करत होता, आणि समोर चुका दाखवणारे गुरुजी होते. ते श्रेय तिचं आहे, बापाचं आहे, गुरुजींचं आहे. डीएनएला देऊन आपण ते त्यांच्याकडून काढून घेतो.

जनुकांचं कौतुक मलाही आहे. चौदा हजार जनुकांतून, 'हे असेल तर, ते नसेल तर' असं करत करत, एका दिवसात वळवळणारा जीव तयार होतो यापेक्षा मोठं नवल मला तरी माहीत नाही. मला एवढंच वाटतं की त्या नवलाला सटवाईच्या जागी बसवू नये.